धडा : आजीची कंबर आणि पाठीचा कणा

लहान मुलाच्या पाठीच्या कण्यात 33 मणके असतात. मोठेपणी खालचे मणके एकमेकांना जुळतात आणि वरचे 24 मोकळे राहतात : मानेत 7, छातीच्या मागे 12 आणि कमरेत 5. मणक्यांच्या मधे गाद्या असतात. गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असते व आत ओलसर गर असतो. दिवसभराच्या भाराने गादीतले थोडे पाणी निघून जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत येते. म्हणून माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी किंचित उंच भरतो. वय वाढते तसे हे पाणी कमी होत जाते.

घरात म्हणतात, "गादी सरकली." खरे तर गादी मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती सरकत नाही. तिच्या कड्याला चीर पडते व आतला गर बाहेर येतो. तो नसेला लागला की कमरेपासून पायापर्यंत कळ उतरते. हिला सायटिका म्हणतात. या कळेचे मूळ गादीत असू शकते, हे 1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दाखवून दिले. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते. त्यामुळे बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते.

दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले तर ते जुनाट समजतात. अशा वेळी नसा व मेंदू हळवे झालेले असतात. थोड्या हालचालीनेही कळ येते, पण प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नव्हे. म्हणून अंथरूण धरून बसू नये. रोज थोडे चालावे, मग हळूहळू वाढवावे. तांदळाची पिशवी गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचलावी. आज बरे वाटते म्हणून पेसाखची सगळी साफसफाई एका दिवसात उरकू नये. एम.आर.आय.मध्ये गादी झिजलेली दिसली तरी घाबरू नये. काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ वयस्क माणसांच्या गाद्याही तशाच दिसतात.

इस्राएलात आजीबरोबर दवाखान्यात नातवंड जाते आणि तेच दुभाषा होते. आजी म्हणते, "पायाला मुंग्या येतात." नातवाने खऱ्या मुंग्या समजून हसू नये. हिब्रूतही नेमाला म्हणजे मुंगी, आणि निम्लुल म्हणजे मुंग्या येणे. दोन्ही भाषांना एकच किडा सुचला!

एक गोष्ट मात्र पाठ करावी. लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर रात्र असली तरी लगेच इस्पितळात जावे. उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. आजी लाजेने एवढेच म्हणेल, "खाली काही समजत नाही गं." या पाच शब्दांचा अर्थ नातीला कळलाच पाहिजे, आणि तिने तो न लाजता डॉक्टरांना सांगितला पाहिजे.

शब्दार्थ
उसण भरणे – कमरेत एकाएकी आखडून दुखणे
कळ – एकदम उठणारी तीव्र वेदना
ठणका – ठोके पडल्यासारखे दुखणे
बधिर – स्पर्श न कळणारा

स्वाध्याय
1. "गादी सरकली" हे बोलणे बरोबर का नाही?
2. आजीला विचारा : उसण आणि कळ यांत तिला काय फरक वाटतो? तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहा.
3. कोणत्या तक्रारी ऐकल्यावर थांबून चालणार नाही? त्या मराठीत व हिब्रूत मोठ्याने म्हणा.