हुकूम कोणाचा?
(शीतपेय कंपनीच्या फेररचनेवरून सभासदांसाठी एक पाठ)



या वेळच्या पाठाला व्यवस्थापनशास्त्राचा विषय घेतला आहे. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या फडावरचीच आहे. तेव्हा पान उलटू नका.

हा पाठ आम्ही भातसानगरला बसून लिहीत आहोत. समोर भातसा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईची तहान भागवते. शहापूर-मुरबाडकडे मुख्य पीक भाताचे. ऊसवाल्याने इथे काय शिकायचे, असे कोणी म्हणेल. पण शेजारच्या वाडा तालुक्यात कुडूसला कोका-कोलाचा बाटल्या भरण्याचा कारखाना उभा राहिला. अशा गोड पेयात पाण्याखालोखाल मोठा जिन्नस म्हणजे साखर. तेव्हा हे गिऱ्हाईक आपल्याला परके नाही. त्याने आपल्या घराची मांडणी कितीदा मोडली आणि पुन्हा केली, ते पाहण्यासारखे आहे.

आधी हकिकत. परदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणा, ही सरकारची अट न मानता कोका-कोला १९७७ साली भारतातून गेली. रिकाम्या जागेत मुंबईच्या पार्लेने थम्स अप आणले. १९९३ साली कोका-कोला परत आली आणि तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावे विकत घेतली. बाटल्या भरणारे मात्र ठिकठिकाणचे स्वतंत्र धंदेवाले होते. पुढे कंपनीने त्यांतल्या अनेकांचे कारखाने घेऊन आपल्या छत्राखाली आणले. २०२४ साली काही राज्यांतले भरण्याचे काम पुन्हा स्वतंत्र धंदेवाल्यांकडे गेले. त्याच वर्षी डिसेंबरात, भरण्याचे काम पाहणाऱ्या भारतातल्या कंपनीच्या वरच्या कंपनीतला ४० टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया समूहाला देण्याचे जाहीर झाले. म्हणजे आधी धरले, मग सोडले.

जगाच्या पातळीवरही तेच. १९९९ च्या जूनमध्ये बेल्जियममध्ये पेय पिऊन शाळेतली मुले आजारी पडल्याची ओरड झाली. निर्णय दूर अमेरिकेत अटलांटाला अडकले, कंपनीला वेळेवर तोंड देता आले नाही. २००० साली नवे प्रमुख डग्लस डॅफ्ट यांनी सुमारे ६,००० जागा कमी केल्या आणि त्या त्या देशातल्या माणसांकडे अधिकार सोपवायचे धोरण जाहीर केले. २०२० साली पुन्हा मोडतोड झाली. १७ विभागांचे ९ केले, पेयांची सुमारे ४०० नावे होती ती निम्म्यावर आणायचे ठरले, सुमारे २,२०० जागा कमी केल्या. शिवाय एकेका प्रकारच्या पेयासाठी साऱ्या जगावर एक प्रमुख नेमला.

आता शास्त्र काय म्हणते?

पहिले हेन्री फेयॉल. हे फ्रान्समधले खाणीचे इंजिनिअर. १८८८ साली बुडायला आलेली खाण-कंपनी त्यांच्या हाती आली, ती त्यांनी उभी केली. १९१६ साली त्यांनी १४ तत्त्वे मांडली. त्यांतले एक असे, की एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाचा असावा. अधिकार वर ठेवावा की खाली द्यावा, याला मात्र त्यांनी ठाम उत्तर दिले नाही. ते प्रमाणाचे काम आहे, माणसे आणि काम पाहून ठरवा, एवढेच ते सांगतात. भाजीतल्या मिठासारखे.

दुसरे अमेरिकेचे फ्रेडरिक टेलर. त्यांचे पुस्तक १९११ चे. लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी फावड्याचा हिशेब काढला. एका खेपेला सुमारे साडेनऊ किलो माल आला तर दिवसाचे काम सर्वांत जास्त होते. म्हणून हलक्या मालाला मोठे फावडे, जड मालाला लहान. पण हेच टेलर म्हणत, की मजुरावर निरनिराळ्या कामांचे आठ जाणकार मुकादम असावेत. इथे त्यांचे आणि फेयॉलचे पटत नाही.

तिसरे एल्टन मेयो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग चालले. दिवे वाढवले तर काम वाढले, काही वेळा दिवे कमी केले तरी घटले नाही. मेयोंनी अर्थ लावला, की आपल्याकडे कोणी लक्ष देते, आपल्याला विचारते, याने माणूस बदलतो. पुढच्या अभ्यासकांनी या प्रयोगांवर पुष्कळ शंका घेतल्या. तरी विचारपूस फुकट जात नाही हे आपण घरातही पाहतो.

या मापाने पाहा. १९९९ साली मीठ वर फार झाले होते, २००० साली ते खाली दिले. २०२० च्या मांडणीत देशाचा प्रमुख एक आणि पेयाचा प्रमुख दुसरा. टेलरना हे चालले असते, फेयॉलनी हटकले असते. दोन जाणकार असायला हरकत नाही; पण शेवटचा शब्द कोणाचा, हे कागदावर लिहिलेले हवे.

आता आपल्या फडावर या. समजा, नोंदीप्रमाणे अमक्याच्या उसाची पाळी आहे. शेतकी खात्याचा माणूस टोळीला तिकडे पाठवतो. वाहतूक ठेकेदार म्हणतो, रस्ता चांगला आहे तो फड आधी घ्या. तेवढ्यात वरून निरोप येतो, पाहुण्यांचा ऊस काढा. मुकादमाला तीन धनी झाले. टोळी अर्धा फड टाकून जाते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. वजनाचा तोटा त्या एकाचा, उताऱ्याचा तोटा साऱ्यांचा.

आणि खरे बोलायचे तर तो वरचा निरोप आणतो कोण? आपणच. ‘आबा, एवढा आमचा ऊस आधी न्या,’ म्हणत संचालकाच्या ओट्यावर आपणच बसतो. मग कारभार ढिला म्हणून सभेत ओरडतोही आपणच.

नोकरकपातीचेही तसेच. कंपनीचे भागीदार जगभर पसरलेले, जागा कोणाची गेली ते त्यांना दिसत नाही. आपल्याकडे जागा जाते ती भावकीतल्या पोराची. म्हणून एक तर कोणी बोलत नाही, जादा माणसांचा पगार उसाच्या भावातून जात राहतो. नाही तर एका रात्रीत यादी लागते. दोन्ही वाईट. आधी काम मोजावे, मग ज्याचे काम त्याला विचारावे, मग ठरवावे. आणि ठरवणारे आपणच आहोत. कंपनीत जितके भाग तितकी मते. सहकारात एक भाग असो की पन्नास, माणशी मत एकच.

स्वाध्याय : पुढच्या सर्वसाधारण सभेला येण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणा.

१. तोडणीचा क्रम बदलण्याचा अधिकार आपल्या कारखान्यात नेमका कोणाला आहे? तो कोठे लिहिला आहे?

२. आपली गाडी काट्यावर किती तास उभी राहिली? या हंगामात प्रत्येक खेपेची नोंद ठेवा.

३. गेल्या हंगामात आपण स्वतः पाळी सोडून ऊस नेण्यासाठी कोणाला गळ घातली होती का?

तिसऱ्याचे उत्तर सभेत वाचायची गरज नाही. स्वतःशी खरे लिहिले तरी पुरे.