आयडियल समजून घेताना

चि. मुक्तास,


तुझं पत्र मिळालं. आयडियलची व्याख्या तोंडपाठ आहे, त्यावरची गणितंही सुटतात, पण असली व्याख्या कुणाला कशासाठी करावीशी वाटली ते उमगत नाही, असं लिहिलं आहेस. हा प्रश्न तुला पहिल्याच वर्षी पडला, याचा मला फार आनंद झाला. नेट-सेटच्या घाईत तो मागे टाकू नकोस.

आधी व्याख्याच नीट पाहू. त्यात दोन अटी आहेत. आयडियलमधल्या घटकांची बेरीज-वजाबाकी आयडियलमध्येच राहते, ही पहिली. दुसरी अशी, की आयडियलमधल्या घटकाला रिंगमधल्या कुठल्याही घटकाने गुणलं तरी गुणाकार आयडियलमध्येच येतो. सबरिंगसाठी आपसातला गुणाकार आत राहिला की भागतं. इथे मात्र बाहेरच्या घटकाने गुणूनही आतच राहायचं. एवढी कडक अट का, ते वहीवर करून बघ.

परिमेय संख्यांच्या रिंगमध्ये पूर्णांक ही सबरिंग आहे. ज्या दोन परिमेय संख्यांमधला फरक पूर्णांक असेल, त्या आपण एकच मानू. बेरीज बिनतक्रार चालते. आता गुणाकार घे. ० आणि १ यांतला फरक पूर्णांक आहे, म्हणून ते एकच झाले. मग १/२ ला त्यांपैकी कशानेही गुणलं तरी उत्तर एकच यायला हवं. पण एकदा ० येतं आणि एकदा १/२. या दोन उत्तरांमधला फरक पूर्णांक नाही. क्वोशंटमधला गुणाकार इथे मोडला. १ आपल्या संचात होता, पण त्याला १/२ ने गुणल्यावर तो बाहेर पडला, हेच कारण. ज्या संचाला आपण शून्य मानणार, त्याने शून्यासारखं वागलं पाहिजे, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच येतं. दुसरी अट म्हणते ते एवढंच. म्हणूनच प्रत्येक रिंग होमोमॉर्फिझमचा कर्नल आयडियल असतो आणि प्रत्येक आयडियल कुठल्या ना कुठल्या होमोमॉर्फिझमचा कर्नल असतो.

हा शब्द वापरताना काही गोष्टी सांभाळ. आयडियलमध्ये १ आला की अख्खी रिंगच आली. फील्डमध्ये दोनच आयडियल असतात ते त्यामुळेच. हर्स्टीनच्या पुस्तकात रिंगमध्ये १ असलाच पाहिजे असं नाही, म्हणून तिथे प्रत्येक आयडियल सबरिंगही ठरतो. आतिया-मॅकडोनाल्डमध्ये रिंगलाही १ लागतो आणि सबरिंगलाही तोच १ लागतो. तिथे अख्खी रिंग सोडली तर कुठलाच आयडियल सबरिंग नसतो. पुस्तक हातात घेतलंस की त्यातली रिंगची व्याख्या आधी वाच. मॅट्रिक्सच्या रिंगमध्ये डावा-उजवा भेदही पाळायला हवा. ज्यांचा दुसरा स्तंभ शून्य आहे अशा २×२ मॅट्रिक्सचा संच डावा आयडियल आहे, उजवा नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. १ मार्च १८४७ रोजी पॅरिसच्या अकादमीत लामे यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता मिळाल्याचं जाहीर केलं. लियुव्हील यांनी लगेच शंका काढली: सिद्धतेत वापरलेल्या नव्या संख्यांचे अवयव एकाच प्रकारे पडतात, हे कशावरून? शंका रास्त होती. जर्मनीत कुमर यांनी तीन वर्षांपूर्वीच दाखवलं होतं की ते नेहमी तसे पडत नाहीत. अडचण तुला छोट्या उदाहरणात दिसेल. अ + ब√−५ अशा संख्या घे, अ आणि ब पूर्णांक. इथे

६ = २ × ३ = (१ + √−५)(१ − √−५).

या चारही संख्या आणखी फुटत नाहीत. त्यांचे नॉर्म, म्हणजे अ² + ५ब² च्या किमती, ४, ९, ६ आणि ६ आहेत. फुटायचं तर २ किंवा ३ नॉर्मची संख्या लागेल, आणि अ² + ५ब² ची किंमत २ किंवा ३ कधीच होत नाही. म्हणजे एकाच संख्येचे दोन वेगळ्या प्रकारे अवयव पडले.

यावर तोड म्हणून कुमर यांनी 'आदर्श' संख्या कल्पिल्या. १८७१ साली डेडेकिंड यांनी डिरिश्ले यांच्या व्याख्यानांच्या पुस्तकाला जोडलेल्या पुरवणीत त्या कल्पनेच्या जागी प्रत्यक्ष संच मांडले. तेच आपले आयडियल. २ आणि १ + √−५ यांनी निर्माण होणारा आयडियल घे, त्याला प म्हण. प × प चे जनक ४, २ + २√−५ आणि −४ + २√−५. शेवटच्या दोघांची वजाबाकी ६. त्यातून ४ गेले की २. तिन्ही जनकांना २ ने भाग जातोच, म्हणून प² म्हणजे बरोबर २ चा आयडियल. जी संख्या फुटत नव्हती, तिचा आयडियल फुटला! क हा ३ आणि १ + √−५ यांचा, तर ख हा ३ आणि १ − √−५ यांचा आयडियल घेतलास, तर ३ चा आयडियल क × ख होतो आणि उरलेले दोन प × क आणि प × ख होतात. ६ च्या दोन्ही फोडी आता प² × क × ख या एकाच रूपात येतात.

पुढे १९२१ मध्ये एमी नोएथर यांनी संख्या बाजूला ठेवून, आयडियलच्या चढत्या साखळ्या थांबतात एवढ्या एका अटीवर सगळा सिद्धांत उभा केला. तुझ्या पुस्तकात व्याख्या येते ती या रूपात, मागची सगळी धडपड गाळून. म्हणून ती कोरडी वाटते. दोष तुझ्या बुद्धीचा नाही.

तेव्हा यापुढे एक सवय लाव. नवी व्याख्या आली की तिच्यातली एकेक अट काढून टाक आणि काय मोडतं ते स्वतः करून पाहा. अट जेमतेम हुकते असं उदाहरण शोध. मग ती कुठल्या अडचणीतून आली ते विचार. वेळ लागेल, लागू दे. अशी समजलेली व्याख्या पाठ करावी लागत नाही. विसरलीस तरी ती तुझी तुला पुन्हा मांडता येईल.

वर मी फक्त प² करून दाखवला आहे. क × ख आणि प × क तू हाताने कर, आणि पुढच्या पत्रात पायऱ्यांसकट लिहून पाठव. अडलीस तर कुठे अडलीस तेही लिही.

तुझी,
मावशी