तंजावरची सोनेरी चित्रे

तामिळनाडूतील तंजावर येथे सतराव्या शतकात भोसले घराण्याचे राज्य स्थापन झाले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) विद्येचे व कलांचे मोठे आश्रयदाते होते. त्यांच्या काळी तेथील सोनेरी चित्रकला भरास आली.

हाती लोणी घेतलेला बालकृष्ण हा या चित्रकारांचा आवडता विषय. प्रथम लाकडी फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देतात व तो घासून गुळगुळीत करतात. मग खडूच्याच लगद्याने दागिने, प्रभावळ, महिरप ही सारी उठावदार करून घेतात. खरे कष्ट येथेच आहेत, परंतु पुढे ते सोन्याखाली झाकले जातात! त्या उंचवट्यांवर सोन्याचा वर्ख बसवतात. रंग भरणे त्यानंतरचे. देवघरातील मंद समईच्या उजेडात हे उंचवटे झळाळू लागतात.

सोने ठोकून फार पातळ करता येते. एका ग्रॅम सोन्याचा सुमारे एक चौरस मीटर वर्ख निघू शकतो. इतका पातळ वर्ख श्वासानेही उडतो, म्हणून कारागिराला दम धरून काम करावे लागते.

पितळेचा वर्ख पुष्कळ स्वस्त पडतो. नवेपणी तो सोन्यासारखाच चमकतो. परंतु हवेने पितळ काळवंडते, सोने काळवंडत नाही. लबाडी उघडकीस येईपर्यंत मात्र त्या चित्राची कित्येक वर्षे मनोभावे पूजा झालेली असते.