ग्रामीण घरापुढील हिरवळ : आधी पाण्याचा हिशेब

गेल्या काही दशकांत ग्रामीण भारतातील घरांचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. मातीच्या भिंतींची जागा विटा-सिमेंटने घेतली आणि त्याबरोबर घरापुढील अंगणही बदलले. शेणाने सारवलेल्या अंगणाची निगा रोजच्या श्रमांवर अवलंबून होती. ते श्रम करणारे हात आता शाळेत, कारखान्यात किंवा शहरात आहेत. परिणामी अनेक ठिकाणी अंगणावर सिमेंटचा थर देण्याचा सोपा मार्ग स्वीकारला जातो. उन्हाळ्यात अशी फरशी तापते आणि पावसाळ्यात तिच्यावरचे पाणी न मुरता रस्त्यावर वाहून जाते. अंगणाचा काही भाग गवताखाली आणणे हा यावरचा एक पर्याय आहे. मात्र शहरातील बंगल्यांपुढचे लॉन जसेच्या तसे खेड्यात आणणे हिताचे नाही, आणि त्याचे मुख्य कारण पाणी हे आहे.

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. दख्खनच्या उन्हाळ्यात गवत हिरवे ठेवायचे असेल, तर दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे १०० चौरस मीटर हिरवळीला रोज ५०० लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. याचा अर्थ असा, की ही हिरवळ रोज नऊ माणसांचे पाणी पिते. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहिली जाते, तेथे अशा हिरवळीचे समर्थन कोणत्याही सौंदर्यदृष्टीने करता येणार नाही.

हिशेब उलट्या बाजूने मांडला, तर मार्ग दिसतो. पाच जणांच्या कुटुंबाला या प्रमाणाने २७५ लिटर पाणी मिळते आणि त्यातील मोठा भाग आंघोळ व भांडी धुण्याचे पाणी म्हणून मोरीतून बाहेर पडतो. २५ चौरस मीटर हिरवळीची कडक उन्हाळ्यातील गरज १२५ लिटर आहे. म्हणजे मोरीचे पाणी तिला पुरू शकते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळही २५ चौरस मीटरच आहे, हा केवळ योगायोग. परंतु एवढ्या आकाराचा तुकडा सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

जागा आणि गवत

खळ्याची जागा हिरवळीला देऊ नये. धान्य, मिरच्या, पापड वाळवण्यासाठी मोकळी जमीन लागतेच. केरळपासून बंगालपर्यंत अंगण झाडून स्वच्छ ठेवण्याच्या रीतीमागे एक व्यावहारिक कारण आहे : झाडलेल्या जमिनीवर साप-विंचू लगेच दिसतो. म्हणून जोत्यालगत मीटरभर रुंदीची पट्टी गवताविना ठेवावी आणि गवत कधीही उंच वाढू देऊ नये.

गवताची निवड करताना रोपवाटिकेत जाण्यापूर्वी बांधाकडे पाहावे. हरळी, म्हणजेच दूर्वा, हिंदी भाषक प्रदेशात दूब, तमिळनाडूत अरुगम्पुल, आंध्रात गरिका, ही भारताच्या बहुतेक सर्व मैदानी भागांत आपणहून वाढते. जमिनीवर रांगणारी आणि जमिनीखाली जाणारी अशी तिची दोन्ही प्रकारची खोडे असतात. त्यामुळे ती तुडवणी सोसते, पाण्याविना करपली तरी मरत नाही आणि पहिल्या सरीला पुन्हा फुटते. शेतकरी हिच्याशी आयुष्यभर झगडतो, ते याच गुणांमुळे. शेतात शत्रू मानलेल्या गवताला अंगणात मानाने बोलावणे काहींना विचित्र वाटेल. तेव्हा हिरवळ आणि शेत किंवा परसबाग यांच्यामध्ये वीतभर खोल चर ठेवून तो वरचेवर साफ करणे, ही खबरदारी टाळता येत नाही.

हरळीला सावली मात्र सोसत नाही. आंबा-फणसाच्या दाट छायेत रुंद पानांचे कार्पेट गवत अधिक बरे. निलगिरीसारख्या थंड डोंगराळ भागात किकुयू गवत चांगले पसरते. पंजाब-हरियाणात कडाक्याच्या थंडीत हरळी तपकिरी पडते. हा रोग नव्हे, ती विश्रांती असते. उत्तरेतील ऊसर, क्षारयुक्त जमिनीतही ती तग धरते. अशा ठिकाणी माती तपासून जिप्सम द्यावे. या प्रकारच्या जमिनींवर कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून काम करीत आहे.

मशागत आणि लागवड

या कामात घाई नडते ती मशागतीत. एप्रिल-मे महिन्यांत जमीन फूटभर खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचाव्यात. एकही गाठ राहिली, तरी ती पुढे हिरवळीतून डोके वर काढते. त्यानंतर एकदा पाणी देऊन जे तण उगवेल तेही काढावे. ही फेरी दोनदा केली, तर पुढील वर्षभराची खुरपणी वाचते. तणनाशकाचा मोह टाळावा, कारण कापलेले गवत अखेर शेळीच्या किंवा वासराच्या पुढ्यातच जाणार असते.

दर चौरस मीटरला ४ ते ५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेल्या खतातून तणाचे बी येते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून जाड वाळू व मुरूम मिसळावा. जांभ्या दगडावर मात्र वीतभर मातीचा थर बाहेरून आणावा लागतो. उतार घरापासून दूर, मीटरला एक-दोन सेंटिमीटर इतका हवा. तो डोळ्यांनी ठरवू नये. भरपूर पाणी सोडून ते कोठे थांबते ते पाहावे, तेथे माती भरावी आणि धुमसाने हलके ठोकावे.

लागवड पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करावी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाच्या आरंभी, ऑक्टोबरात. मुळ्यांसह काढलेले हरळीचे तुकडे १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर टोचावेत. एका चौरस मीटर जुन्या गवतात साधारणपणे दहा चौरस मीटर जागा लागून जाते, त्यामुळे विकत काही घ्यावे लागत नाही. दुसरी पद्धत शेणकाल्याची : गवताचे बारीक तुकडे, शेण, माती व पाणी कालवून तो लगदा ओल्या जमिनीवर पातळ पसरावा. ही पद्धत जलद आहे, पण लागलीच मुसळधार पाऊस आला तर सारे वाहून जाते. कोकण-मलबारात ती न वापरलेलीच बरी.

गवत दोन इंच झाले, की विळ्याने पहिली कापणी करावी. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक उंची काढू नये.

मोरीचे पाणी

मोरीचे पाणी थेट सोडू नये. वाळू व खडीने भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून, त्याच दिवशी, जागा बदलत द्यावे. साठवले, तर दुर्गंधी येते आणि डास वाढतात. कपडे धुण्याचे सोडायुक्त पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात न्यावे, कारण त्याने माती घट्ट होऊन पाणी मुरेनासे होते. मुले खेळण्याच्या वेळेपूर्वी पाणी देऊ नये, रात्री द्यावे.

मोरीचे पाणीही कमी पडले, तर गवत खुशाल वाळू द्यावे. वाळलेल्या हरळीचे जाळेही धूळ धरून ठेवते आणि वळवाच्या पावसात माती वाहू देत नाही. जूनमध्ये जेथे ती फुटणार नाही, तेवढ्याच जागी कडेचे तुकडे काढून पुन्हा टोचावेत.