तिसरी वायर तोडू देऊ नका

हातात धरून वापरायच्या कुठल्याही मशीनची बॅटरी बदलून घेतलीत, तर दुकानातून पाय काढण्याआधी एवढं बघा: जुन्या पॅकला तीन वायर होत्या आणि नव्याला दोनच आहेत का? तसं असेल तर मशीन घेऊ नका. पिग्मीची पावती मशीन, रेशन दुकानातलं ई-पॉस, हातातला छोटा बिल प्रिंटर, अशी यंत्रं दुरुस्त करण्यात सोलापुरात माझी बरीच वर्षं गेली. फुगलेले पॅक माझ्या टेबलावर येतात, तेव्हा मी आधी तिसरी वायर शोधतो. अनेकदा ती कापलेली असते.

लाल वायर प्लसची, काळी मायनसची. तिसरी बारीक असते, बहुधा पिवळी नाहीतर पांढरी. मशीन चालवणारी वीज तिच्यातून येत नाही, म्हणून ती नसली तरी चालतं असा समज पसरलाय. पण तिच्या टोकाला, सेलच्या अंगाला चिकटवलेला थर्मिस्टर असतो. बऱ्याच पॅकमध्ये तो 25 अंशांना 10 किलोओहमचा असतो, आणि सेल 45 अंशांपर्यंत तापला की साधारण निम्म्यावर येतो. समजा बोर्डवरही 10 किलोचाच एक रेझिस्टर 3.3 व्होल्टला जोडलेला आहे. पॅक नसेल तेव्हा तिसऱ्या टोकावर पूर्ण 3.3 व्होल्ट मिळतात. पॅक लावला की ते 1.65 वर येतात. पॅक 45 अंशांवर गेला की 1.1 च्या आसपास. पॅक जागेवर आहे का आणि तो किती तापलाय, हे दोन्ही मशीनला या एका वायरवरून कळतं.

मग लाल-काळ्या टोकांवरचे व्होल्ट बघून पॅक आहे की नाही हे का ठरवत नाहीत? कारण चार्जर लावलेला असताना चार्जिंग आयसी स्वतःच त्या टोकांवर व्होल्ट देत असतो. पॅक काढून बाजूला ठेवला तरी तिथला कपॅसिटर भरलेला राहतो आणि मीटर भरल्या बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवतो. नव्याने या कामाला लागलेली मुलं इथेच फसतात. व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी आहे असं नव्हे, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत असतो.

पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यांतून आणि विडी कामगारांच्या घरांतून रोजची पिग्मी गोळा करणारे एक काका एका मे महिन्यात मशीन घेऊन आले. "भाऊ, चार्जिंगला लावलं की फुल दाखवतंय की ओ, पिन काढली की लगेच बंद!" उघडलं तर आत दोन वायरचा पॅक. बोर्डवर तिसऱ्या वायरच्या जागी एक साधा रेझिस्टर डागलेला. तपकिरी, काळा, नारिंगी पट्टे, म्हणजे 10 किलोचा. पॅकची लाल वायर गाडीच्या हादऱ्यांनी कनेक्टरमधून सुटलेली, आणि पॅक फुगून झाकणाला टेकलेला.

"हे कुणी केलं, काका?"

"आधी एका दुकानात दाखवलं होतं. चार्जच होईना. ते म्हणाले, बायपास करतो, स्वस्तात होईल."

त्या 10 किलोच्या रेझिस्टरमुळे मशीनला कायम एकच उत्तर मिळत होतं: पॅक जागेवर आहे आणि 25 अंशांवर आहे. वायर सुटली तरी तेच, पॅक भाजून निघाला तरी तेच. बाहेर पारा 43 वर, मशीन स्कूटरच्या डिकीत, आणि दुपारी घरी आल्या आल्या चार्जिंगला. लिथियम-आयन सेल साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये. त्याहून जास्त तापलेल्या सेलमध्ये वीज रेटत राहिलं की आतलं इलेक्ट्रोलाइट विघटित होतं, वायू साठतो आणि पॅक फुगतो. काकांचं मशीन रात्री सुताच्या गठ्ठ्यांशेजारी चार्जिंगला असायचं. हे ऐकलं आणि मला घाम फुटला.

सगळ्यात वाईट हे की मूळ तक्रारीत बिघाड नसावाच. तापलेलं मशीन चार्ज व्हायला नकार देतं, तेव्हा ते बरोबर वागत असतं. सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवलं असतं तर बहुधा ते आपोआप चार्ज झालं असतं. उन्हाळ्यात 'चार्ज होत नाही' म्हणून येणारं मशीन मी आधी पंख्याखाली ठेवतो, मगच स्क्रू काढतो.

नामांकित कंपनीचा सेल असेल तर काळजी नाही, असंही समजू नका. ऑगस्ट 2007 मध्ये नोकियाने बीएल-5सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता. मात्सुशिताने डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 मध्ये बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकत होत्या. तेव्हा घरोघरी लोक फोनचं मागचं झाकण काढून नंबर बघत होते. सेलमध्ये दोष राहू शकतो, म्हणून तर पहारा लागतो.

तुमचं मशीन घरी तपासता येतं. दिवसाच्या नोंदी आधी जमा करा. मशीन बंद करून पॅक काढा आणि पॅकशिवाय चार्जर लावा. काही मशीन सुरूच होत नाहीत, काही बॅटरी नसल्याची खूण दाखवतात, दोन्ही ठीक. पण पॅक हातात असताना पडद्यावर भरलेली बॅटरी दिसली, तर बायपासची शंका घ्या आणि मशीन उघडून दाखवा. मीटर असेल तर सुट्या पॅकच्या काळ्या आणि तिसऱ्या वायरमधले ओहम मोजा, पॅक मिनिटभर तळहातात धरून पुन्हा मोजा. आकडा उतरायला हवा. जागचा हलला नाही, तर आत बहुधा साधा रेझिस्टर आहे. मात्र काही बॅटऱ्यांत, विशेषतः जुन्या साध्या फोनच्या, मधला पॉइंट नुसता ओळखीचा असतो आणि तिथला रेझिस्टर कंपनीनेच ठरावीक ठेवलेला असतो. अशा वेळी मूळ बॅटरीशी ताडून बघितल्याशिवाय तिला नकली म्हणू नका.

पॅक फुगला असेल तर तो दाबून झाकण बसवू नका, टोचू नका, घंटागाडीतही टाकू नका; टोकांवर टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवा घेताना त्यावर बीआयएसची खूण आणि आयएस 16046 हा क्रमांक बघा. जुना पॅक दुकानदाराकडून मागून घ्या, दोन्हींच्या वायर शेजारी धरून मोजा, आणि बिलावर 'तीन वायरचा पॅक, थर्मिस्टरसह' असं लिहून घ्या.