अर्जात दुसऱ्याचे नाव देण्यापूर्वी

एखाद्याच्या अर्जात संदर्भ म्हणून आपले नाव नोंदलेले असावे आणि आपल्याला त्याची वार्ताही नसावी, असा अनुभव लेखा विभागाचा प्रमुख असताना आणि पुढे सेवानिवृत्तीनंतरही मला अनेकदा आला. परंतु त्यांपैकी एक प्रसंग मनातून जात नाही, आणि नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे सविस्तर नमूद करतो.

आमच्या विभागात काही वर्षे राहून गेलेल्या एका लेखापालाने नाशिककडच्या एका कारखान्यात अर्ज केला होता. तेथून मला दूरध्वनी आला तेव्हा मी बँकेत, पासबुक हातात धरून, रांगेत उभा होतो. पलीकडच्या गृहस्थांनी नाव सांगितले. चेहरा आठवला, पण त्याने नेमके कोणते काम केले ते काही केल्या आठवेना. कामावर वेळेवर येत असत, अक्षर स्वच्छ होते, वागणूक सभ्य होती, एवढे मी खरेपणाने सांगितले. मग विचारणा झाली, "पुन्हा संधी आली तर आपण त्यांना घ्याल का?" मी "हो" म्हटले, परंतु ते म्हणण्यापूर्वी मी आठवण्यासाठी जो क्षणभर थांबलो, तो विराम त्यांनी होकारापेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकला असावा. घरी परतल्यावर आठवले, की वर्षानुवर्षे न जुळलेल्या बँकेच्या नोंदी एकेक पावती शोधून आमच्या रोकडवहीशी जुळवून देणारा आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यातून विभागाला सोडवणारा माणूस तो हाच! त्याची निवड झाली नाही. कारणे अन्यही असतील. पण त्याच्या बाजूने जे सांगण्याजोगे होते ते त्या दिवशी सांगितले गेले नाही, याचे शल्य मला आजही आहे.

केवळ वक्तशीरपणाची स्तुती ऐकणाऱ्याला निंदेसारखी का भासते, याची मीमांसा तत्त्वचिंतक पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत केली आहे, आणि तीही शिफारसपत्राच्याच उदाहरणाने. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या शिष्याविषयी गुरू एवढेच लिहितो, की त्याचे इंग्रजी उत्तम असून वर्गातील उपस्थिती नियमित आहे; आणि वाचणारा समजून चुकतो, की तत्त्वज्ञानात या विद्यार्थ्याची गती नाही. माझ्या बाबतीत मौनाचे कारण केवळ विस्मरण होते. पण ते पलीकडच्या माणसाने कसे ओळखावे?

याउलट, आमच्याच कचेरीतील एका सहकारी बाईंची रीत मला अनुकरणीय वाटते. त्यांनी मुलाखतीच्या पुष्कळ आधी मला पत्र लिहिले. त्यात म्हटले होते : "माझ्याविषयी मनापासून चांगले सांगता येईल असे वाटत असेल तरच होकार द्यावा, काही अडचण असल्यास निःसंकोच कळवावे, मला मुळीच वाईट वाटणार नाही." सोबत जाहिरातीची प्रत, स्वतःचा बायोडाटा आणि आम्ही मिळून केलेल्या कामांचे अर्ध्या पानाचे टिपण होते, कोणाचा फोन येण्याचा संभव आहे, तेही लिहिले होते. समोरच्याला नकाराची अशी सन्मानपूर्वक मुभा देणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण भिडेखातर दिलेला होकार ऐन वेळी थंड पडतो, आणि त्याचा थंडपणा शब्दांपेक्षा स्वरातून अधिक कळतो. "बघू", "द्या ना, हरकत काय" असे उत्तर मिळाले, तर आभार मानून दुसऱ्या व्यक्तीकडे वळावे. हुद्द्याने मोठ्या पण आपले काम न पाहिलेल्या साहेबांपेक्षा शेजारच्या टेबलावर बसून ते रोज पाहिलेला सहकारी शतपटीने बरा.

अलीकडे पुष्कळ कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग हुद्दा आणि नोकरीच्या तारखा यांपलीकडे काहीच सांगत नाहीत. त्यात आकस नसतो, तो त्यांचा शिरस्ता असतो. म्हणून अनुभवाचा दाखला नोकरी सोडतानाच मागून घ्यावा. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील आदर्श आदेशांत, सेवा संपताना कायम कामगाराला सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क स्पष्ट नमूद केलेला होता. पण दप्तरे हलतात, माणसे बदलतात, आणि मागाहून तोच दाखला मिळवण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

सध्याच्या वरिष्ठांचे नाव देताना मात्र विशेष सावधगिरी हवी. नेमणुकीचा लेखी प्रस्ताव हाती येईपर्यंत त्यांच्याशी संपर्क साधू नये, असे अर्जात स्वच्छ लिहावे; अशी विनंती करण्यात गैर काहीच नाही आणि समंजस कचेऱ्या ती मानतातही. तोवर सेवानिवृत्त झालेले जुने अधिकारी, किंवा ज्यांच्याशी कामानिमित्त वरचेवर व्यवहार झाला ते बाहेरचे लेखापरीक्षक, यांची नावे, अर्थातच त्यांची परवानगी घेऊन, द्यावीत.