संगणक-जोडणीसाठी केबलची निवड

शाळा वा ग्रामपंचायत कार्यालयातील संगणक जोडताना केबल विचारपूर्वक निवडावयास हवी; भिंतीत बसविलेली केबल पुन्हा बदलणे खर्चाचे असते. ‘कॅट-५ई’ केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते व नित्याच्या कामास पुरते. नव्या इमारतीत मात्र ‘कॅट-६’ घालणे दूरदृष्टीचे ठरते. अनुकूल स्थितीत ५५ मीटरपर्यंत ती १० गिगाबिट वेग पेलते. केबल शुद्ध तांब्याचीच असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते. परंतु तिचा विद्युतरोध अधिक असल्याने तिच्यातूनच कॅमेऱ्यांना वीज पुरविल्यास ती अधिक तापते. दोन इमारतींमध्ये किंवा १०० मीटरपलीकडे धातुरहित ऑप्टिकल फायबर वापरावी. दरपत्रकात ‘शुद्ध तांबे’ असा स्पष्ट उल्लेख मागितल्यास सार्वजनिक निधीचा अपव्यय टळेल.